दोर कोणी बांधला, ते आधी सांगा

‘भीतीवर मात करा’ या वाक्याचा मला आता मनापासून कंटाळा आला आहे. शीतपेयाच्या जाहिरातीत तेच, कंपन्यांच्या शिबिरांत तेच, रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या सूर्योदयाच्या चित्राखाली तेच. आणि उंच मनोऱ्यावरून पायाला रबरी दोर बांधून खाली उडी घ्यायचा तो बंजी जंपिंगचा खेळ, त्याच्या फलकावर तर ते असतंच असतं. जणू भीती म्हणजे वेशीवर येऊन बसलेली शत्रूची फौज आहे आणि काही हजार रुपयांची पावती फाडली की ती पळून जाते!

मी उडी मारणाऱ्यांच्या विरुद्ध लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर ‘म्हातारीला काय कळतंय’ म्हणून निम्मी मंडळी इथंच थांबतील. मारा की उड्या. माझं भांडण दोघांशी आहे. एक, या खेळाला शौर्य म्हणून विकणाऱ्यांशी. दुसरं, टोकापर्यंत जाऊन परत फिरणाऱ्याला भित्रा म्हणून हसणाऱ्यांशी. या दुसऱ्या गटात आपल्याच घरची बरीच माणसं आहेत, म्हणून हे लिहिणं भाग पडलं.

आधी हा खेळ आला कुठून ते पाहू. मुळात तो खेळ नव्हताच.

पॅसिफिक महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा देश आहे. त्यातल्या पेंटेकोस्ट बेटाच्या दक्षिण भागात दरवर्षी साधारण एप्रिल ते जून या काळात लोक लाकडाचा मनोरा उभा करतात. वीस ते तीस मीटर उंच, म्हणजे आपल्याकडच्या सात-आठ मजली इमारतीएवढा. घोट्याला रानातल्या वेली बांधून पुरुष त्यावरून डोकं खाली करून झेपावतात. कोनफळाच्या जातीच्या कंदाचं पीक चांगलं यावं म्हणून हा विधी. खांदे जमिनीला निसटते टेकले की जमीन सुपीक होते, अशी श्रद्धा.

त्यामागची दंतकथा मला फार आवडते. एक बाई नवऱ्याच्या जाचाला कंटाळून घरातून पळाली आणि वडाच्या झाडावर चढून बसली. नवरा मागोमाग चढला. तो जवळ येताच तिनं खाली उडी घेतली. बाई गेलीच असं समजून, की रागाच्या भरात, त्यानंही उडी घेतली. ती वाचली, तो मेला. कारण तिनं उडी घेण्यापूर्वी घोट्याला वेल बांधून घेतली होती. पुढं पुरुषांनी हा विधी स्वतःकडे घेतला, पुन्हा कुठल्या बाईनं असं फसवू नये म्हणून! आज तिथं उडी पुरुषच मारतात, बायका खाली नाचून-गाऊन त्यांना साथ देतात.

आता मला सांगा, या गोष्टीत धाडसी कोण? दोघांनी एकाच फांदीवरून उडी मारली. उंची एकच, जमीन एकच. म्हणजे उडी मारण्यात धाडस असेल तर दोघं सारखेच धाडसी ठरले. पण गोष्ट सांगणाऱ्या लोकांना यातला फरक नेमका कळला होता. ती बाई घाबरलेली होती. घाबरली होती म्हणून तिनं वेल शोधली, ओढून पाहिली, बांधली. नवऱ्याला भीती वाटली नाही, त्यानं काही बांधलं नाही. भीतीवर मात केलेला तो पहिला माणूस आणि तोच पहिला मेला.

शाळेत ही गोष्ट शिकवायला मिळाली असती तर मी तात्पर्य लिहायला सांगितलं असतं.

पेंटेकोस्टची ती माणसं काय काय करतात पाहा. मनोऱ्याखालची माती भुसभुशीत करून घेतात, दगड वेचून काढतात. प्रत्येकाची वेल त्याच्या वजनाप्रमाणे आणि उंचीप्रमाणे जाणती माणसं निवडतात. वजनकाटा नाही, गणित नाही, पण डोळा मुरलेला. उडीचा फळा असा बसवतात की झटका आला की तो खाली मोडून पडावा आणि त्यातला काही झटका त्यानं सोसावा. उडीपूर्वी माणसं आपसांतली भांडणं मिटवून घेतात, न जाणो, परत आलो नाही तर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हंगाम पाळतात. पावसाळा संपता संपता वेलीत ओल असते, ती लवचिक असते. कोरडी वेल तुटते. हे सगळं काय भीतीवर मात केलेल्या लोकांचं काम आहे? हे भीतीचंच काम आहे. पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या, कामाला लावलेल्या भीतीचं.

तो हंगाम एकदा मोडला. 1974 साली. त्या वेळी ही बेटं न्यू हेब्रिडीज म्हणून ओळखली जात आणि तिथं ब्रिटन व फ्रान्स यांचा संयुक्त अंमल होता. इंग्लंडची राणी एलिझाबेथ फेब्रुवारी महिन्यात भेटीला येणार होती. पाहुणीला काहीतरी खास दाखवायला हवं! म्हणून हंगाम नसताना उड्या ठेवल्या गेल्या. वेली तयार नव्हत्या. राणीसमोर एकाची वेल तुटली आणि तो माणूस जिवानिशी गेला.

उडी मारणाऱ्याच्या काळजात काही कमी नव्हतं. वेलीत कमी होतं, आणि वेलीत कमी आहे हे ठरवायचा अधिकार ज्या हंगामाला होता, तो पाहुण्यांसाठी बाजूला सारला गेला. प्रेक्षक आले की दोराकडचं लक्ष उडतं. ही गोष्ट त्या बेटापुरती आहे असं समजू नका.

त्या बेटावरचं चित्रीकरण डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनी बीबीसीवर दाखवलं आणि जगाला या उड्या कळल्या. त्यावरून ऑक्सफर्डच्या ‘डेंजरस स्पोर्ट्स क्लब’ या टोळीला कल्पना सुचली. 1 एप्रिल 1979 रोजी, मुहूर्त पाहा, ब्रिस्टलच्या क्लिफ्टन झुलत्या पुलावरून चौघांनी रबरी दोर बांधून उड्या मारल्या. साधारण पंचाहत्तर मीटर उंची. पोलिसांनी पकडलं. पुढं न्यूझीलंडच्या ए. जे. हॅकेट यांनी हे वेड मनावर घेतलं. 1987 मध्ये त्यांनी पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून उडी मारली, अटक ओढवून घेतली आणि जगभर नाव केलं. 1988 मध्ये क्वीन्सटाउनजवळ कवाराउ नदीवरच्या जुन्या पुलावर पैसे घेऊन उड्या मारून द्यायला सुरुवात झाली. तो पूल त्रेचाळीस मीटर उंच. आता तर दक्षिण आफ्रिकेत ब्लोक्रान्स पुलावरून दोनशे सोळा मीटर आणि मकाऊच्या टॉवरवरून दोनशे तेहतीस मीटर उडी मारता येते. आपल्याकडे ऋषिकेशजवळ मोहनचट्टीला 2010 पासून त्र्याऐंशी मीटरची सोय आहे.

लोक आयफेल टॉवरची उडी लक्षात ठेवतात. पण त्या उडीआधी रबर किती ताणतं, किती वजनाला किती लांबी लागते, याच्या चाचण्या झाल्या, ते कुणी सांगत नाही. आज कुठल्याही चांगल्या ठिकाणी तुमचं वजन करतात, ते तुमच्या हातावर शाईनं लिहितात, त्याप्रमाणे दोर निवडतात, एकानं बांधलेलं दुसरा तपासतो, कुठला दोर किती उड्यांना वापरला याची वही ठेवतात आणि ठरावीक उड्या झाल्या की तो दोर बाद करतात. कशासाठी? कुणीतरी घाबरलं म्हणून! रबराला भीती वाटत नाही, गाठीला वाटत नाही, पावती फाडणाऱ्या यंत्राला तर मुळीच वाटत नाही. त्या साखळीत भीती वाटणारं माणूसच असतं. त्याचीच भीती मारून टाकलीत तर तपासणार कोण?

आता उडी मारण्यात काय मिळतं, तेही नीट पाहायला हवं. ज्यांनी मारली त्या दोघा-तिघांना मी खोदून खोदून विचारलं आहे. टोकाला उभं राहिलं की तळहात ओले होतात, तोंड कोरडं पडतं, छातीतली धडधड कानात ऐकू येते. पाय आपले राहत नाहीत. मग सुटल्यावर पोट घशाशी येतं. पहिल्या दोन सेकंदांत माणूस वीस मीटर खाली गेलेला असतो आणि वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या घरात. एक जण म्हणाला, “त्या वेळी डोक्यात कर्ज नाही, नोकरी नाही, काही नाही. फक्त वारा.” मग दोर ताणतो, वर खेचतो, आणि कारण नसताना हसू फुटतं. हा आनंद खोटा नाही. शरीरानं मरणाची तयारी केलेली असते, अ‍ॅड्रेनलिन ओतलेलं असतं, आणि मरण येत नाही. त्या उरलेल्या शक्तीचं काय करायचं ते कळत नाही, म्हणून माणूस हसतो, रडतो, शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारतो. थरार म्हणतात तो हा. मनसोक्त घ्यावा. पण त्याला शौर्य म्हणू नका.

मी आयुष्यभर मराठी शिकवली, त्यामुळे शब्दांत खोड निघाली की मला स्वस्थ बसवत नाही. ‘साहस’ हा शब्द घ्या. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आणि स्मृतिग्रंथांत ‘साहस’ हे गुन्ह्याचं नाव आहे. बळजोरीनं केलेलं कृत्य, लूट, मारहाण यांना साहस म्हणत आणि त्याला दंड असे. पुढं मराठीत येईतो तो शब्द कौतुकाचा झाला. होऊ द्या, शब्द बदलतातच. पण त्यातलं जुनं हाड अजून आत आहे. विचार न करता जोर लावणं म्हणजे साहस, हा अर्थ या जाहिरातवाल्यांनी पुन्हा उकरून काढला आहे, फक्त दंडाऐवजी प्रमाणपत्र देतात!

आपल्याकडे सिंहगडाची गोष्ट लहान मुलालाही माहीत असते. तानाजी पडला, मावळे मागं फिरले, तेव्हा परतीचे दोर कापले गेले आहेत हे त्यांना सुनावलं गेलं, आणि ते लढले. ‘परतीचे दोर कापणे’ हा वाक्प्रचार तिथून घराघरात गेला. हिरकणी रायगडाचा कडा रात्री उतरली, ती घरी तान्हं बाळ होतं म्हणून. या दोन्ही गोष्टींत दोर नाही, आणि दोर नसताना जे करायचं ते का करायचं याचं कारण मात्र पक्कं आहे. बंजीत नेमकं उलटं. परतीचा दोर पायालाच बांधलेला असतो, आणि कारण काहीच नसतं. यात कमीपणा नाही, जत्रेतल्या पाळण्यालाही कारण नसतं. पण पाळण्यातून उतरल्यावर आपण स्वतःला तानाजी म्हणवून घेत नाही, एवढंच.

आता जे माझ्या मनाला लागलं, ते सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव घालत नाही.

आमच्या नात्यातली एक मुलगी मैत्रिणींबरोबर अशा ठिकाणी गेली होती. पैसे भरले, सही केली, वर गेली, पायाला दोर बांधून झाला. तिथल्या माणसाला तिनं विचारलं की हे अजून कुणी तपासणार आहे का. तो हसला, म्हणाला, “मॅडम, हजारो लोक कूद चुके हैं, आप डरो मत.” खालून आकडे मोजायला सुरुवात झाली, तीन, दोन, एक... ती उभीच राहिली. पुन्हा मोजले. मागं रांग, खाली मैत्रिणी, समोर कॅमेरा. तिनं मान हलवली आणि “मला भीती वाटते, मी नाही उडी मारणार” असं सांगून ती परत फिरली. पैसे परत मिळाले नाहीत. चित्रफीत मात्र मिळाली, आणि ती कुणीतरी आपल्या कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली.

मग काय, हसून हसून डोळ्यांतून पाणी येणारी ती पिवळी तोंडं! ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ कुणी लिहिलं, कुणी ‘शूर आम्ही सरदार’ची टिंगल केली, एका काकांनी तर ‘लग्नाच्या बोहल्यावरून अशीच पळशील’ इथवर मजल मारली. यातल्या बहुतेकांना मी ओळखते. गच्चीच्या कठड्याशी उभं राहायला घाबरणारी माणसं आहेत ही. नावं घेत नाही, त्यांची त्यांना माहीत आहेत.

त्या मुलीनं काय केलं ते जरा मोजून बघा. चाळीस माणसं ‘मार, मार’ म्हणत असताना ‘नाही’ म्हणणं, पैसे गेलेले दिसत असताना ‘नाही’ म्हणणं, उद्या सगळे हसणार हे माहीत असून ‘नाही’ म्हणणं. आणि कारण काय दिलं? डोकं दुखतंय, चक्कर येतेय, असं काही नाही. भीती वाटते, असं सरळ सांगितलं. वर्गातल्या चाळीस पोरांसमोर ‘बाई, मला हे समजलं नाही’ म्हणणारी मुलं मी नोकरीच्या सगळ्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी पाहिली. तीच पुढं शिकली. खाली उडी मारताना निदान पायाला दोर असतो. लोकांसमोर परत फिरताना तोही नसतो.

‘अगं पण ते सुरक्षित असतं,’ असं तुम्ही म्हणाल. बहुतेक वेळा असतं, मान्य. पण जिथं नव्हतं तिथं काय घडलं ते ऐका. 1986 साली बीबीसीच्या एका लोकप्रिय करमणुकीच्या कार्यक्रमासाठी सराव करताना, उंच टांगलेल्या पेटीतून उडी मारणाऱ्या एका स्वयंसेवकाचा जीव गेला. दोराची कडी निसटली. कार्यक्रमच बंद करावा लागला. 2015 साली उत्तर स्पेनमध्ये एका पुलावर सतरा वर्षांची एक डच मुलगी उभी होती. दोर अजून पुलाला बांधलेलाच नव्हता. तिथला माणूस इंग्रजीत ‘नो जंप’ म्हणाला, म्हणजे उडी मारू नकोस. तिला ऐकू आलं ‘नाउ जंप’, म्हणजे आता मार. तिनं मारली. 2017 मध्ये तिथल्या न्यायालयानं त्या माणसाच्या इंग्रजी उच्चाराकडे बोट दाखवलं, आणि मुलगी सज्ञान आहे की नाही हे त्यानं तपासायला हवं होतं असंही म्हटलं.

भाषेच्या शिक्षिकेला ही बातमी वाचून झोप येईल का? एका स्वराचा फरक. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी, की ती मुलगी ‘पुन्हा सांगा, मला नीट ऐकू आलं नाही’ असं म्हणाली असती तर वाचली असती. पण पुलाच्या टोकाला उभं राहून प्रश्न विचारणारा माणूस भित्रा दिसतो ना! म्हणून कुणी विचारत नाही.

आपल्याजवळचंच सांगायचं तर जानेवारी 2025 मध्ये गोव्यात केरीच्या पठारावर पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिच्याबरोबरचा पायलट दोघंही गेले. परवानगीशिवाय उड्डाणं चालवल्याचा ठपका ठेवून पोलिसांनी मालकावर गुन्हा नोंदवला. एप्रिल 2025 मध्ये भोर तालुक्यातल्या एका पार्कात झिपलाइनचा हूक अडकवण्याच्या वेळी, म्हणजे प्रवास सुरू होण्याआधीच, उंचावरून पडून एका तरुणीचा मृत्यू झाला. या सगळ्या घटना पुन्हा वाचा. यातलं एकही माणूस भित्रं म्हणून मेलेलं नाही. कडी, गाठ, परवाना, उच्चार, दोर. दर वेळी कमी पडलं ते तिथं. धाडस सगळ्यांकडे भरपूर होतं.

मग आपण घराघरांत धाडसाचेच डोस का पाजतो? जे कमी पडतंय ते का नाही शिकवत?

भीती ही शिकवावी लागत नाही, हे तर प्रयोगानंच दिसलं आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गिब्सन आणि वॉक या दोघांनी 1960 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका उंच टेबलावर जाड काच. अर्ध्या भागात काचेच्या लगेच खाली चौकटीचं कापड, अर्ध्या भागात ते कापड पार खाली जमिनीवर, म्हणजे तिथं खड्डा आहे असं दिसावं. मध्ये रांगणारं मूल ठेवायचं आणि दोन्ही बाजूंनी आईनं बोलवायचं. छत्तीस मुलांपैकी सत्तावीस जागची हलली. ती सगळी उथळ बाजूला गेली. खोल दिसणाऱ्या काचेवर उतरली फक्त तीन. पलीकडून आई हाका मारत असूनही बाकीची गेली नाहीत.

पण पुढचा प्रयोग त्याहून बोलका आहे. 1985 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तो खड्डा फूटभर खोल दिसेल इतकाच ठेवला, म्हणजे मुलाला नक्की ठरवता येऊ नये. वर्षाची मुलं काठाशी येत आणि समोर उभ्या आईच्या तोंडाकडे पाहत. आईनं हसरा चेहरा केला तेव्हा एकोणीस मुलांपैकी चौदा पलीकडे गेली. आईनं घाबरलेला चेहरा केला तेव्हा सतरांपैकी एकही गेलं नाही.

म्हणजे काय, तर काठावर उभं असलेलं मूल आधी आपल्या तोंडाकडे बघतं. पुढं तेच मूल पंचवीस वर्षांचं झालं तरी बघतं, फक्त मोबाइलमधून. तिथं त्याला काय दिसतं? हसणारी पिवळी तोंडं.

जुन्या मंडळींचा एक ठरलेला मुद्दा असतो, ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती, आम्ही विहिरीत उड्या मारायचो.’ मारायचोच. आमच्या गावच्या विहिरीवर उन्हाळ्यात पोरं काठावरून सूर मारायची, मुटका मारायची, पाणी थेट मोटेच्या जागेपर्यंत उडायचं. पण नवीन पोराला पाण्यात ढकलण्यापूर्वी त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधायचे, कमरेला दोर बांधायचे, आणि तो दोर कुणाच्याही हातात नसायचा. तो थोरल्या काकांच्या हातात असायचा. काका आधी भोपळा पाण्यात दाबून बघायचे, बुडबुडे आले तर फेकून द्यायचे. ज्या पोराचे पाय थरथरायचे त्याला म्हणायचे, “आज पायरीवर बस, उद्या बघू.” त्या उद्याला कधी चार दिवस लागायचे, कधी पुढचा उन्हाळा. पोहायला सगळे शिकले. ‘आमच्या वेळी’ची आठवण काढायचीच असेल तर उडीबरोबर त्या काकांचीही काढा.

आज त्या काकांच्या जागी एक छापील कागद आहे. ‘काही झाल्यास जबाबदारी माझी’ असं लिहिलेला. बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत, रांगेत उभं असताना हातात दिलेला. वाचल्याशिवाय सही करू नका, हे मी जन्मभर मुलांना सांगितलं. ज्या खेळात महाराष्ट्रातली मराठी माणसं उड्या मारणार, तिथला कागद मराठीत का असू नये? राज्य सरकारनं 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, चालकांना नोंदणी करायला सांगितली. चांगली गोष्ट आहे. पण नोंदणीचा कागद बघायला मागणारा गिऱ्हाईकच नसेल तर ती भिंतीवरच्या कॅलेंडरसारखी टांगलेली राहील.

म्हणून माझी घरच्या सगळ्या तरुण मुलांना विनंती आहे. जायचंय ना? जा. पण वर चढण्याआधी पाच गोष्टी विचारा. नोंदणी कुठं आहे? माझं वजन दोनदा करणार का? एकानं बांधलेला दोर दुसरं कोण तपासणार? हा दोर किती उड्यांचा झालाय, वही दाखवता का? आणि पाचवं, सगळ्यांत महत्त्वाचं, मी वरून परत फिरले तर माझे पैसे परत देणार का? या शेवटच्या प्रश्नावर चालकाचं तोंड कसं होतं ते बघा, त्यावरून बाकीच्या चारांची उत्तरं कळतील. जो माणूस परत फिरायला जागा ठेवतो, तो दोरही नीट बांधतो.

आणि मोठ्यांना एवढंच सांगणं. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण आपल्याच भाषेतली आहे. ती म्हण घाबरलेल्या माणसांनीच जपली. कुणी टोकावरून परत आलं तर त्याला चहा द्या आणि विचारा, काय दिसलं तुला तिथं? कदाचित त्यानं जे पाहिलं ते उडी मारणाऱ्या शंभरांनी पाहिलेलं नसेल.

असो, फार लांबलं. पटलं नसेल तर जरूर लिहा, भांडायला माझी ना नाही. फक्त ‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ एवढं एकच वाक्य लिहून पाठवू नका. त्या बेटावरचा नवरा कसा मेला, ते वर सांगितलं आहे.